ब्यूफाँचा नववा खंड

जुन्या सचित्र प्राणिग्रंथांच्या बाजारात पहिला मान पक्ष्यांचा. मग फुलपाखरं, मासे, शंखशिंपले. सस्तन प्राणी बिचारे मागच्या रांगेत. कारण उघड आहे. पोपट छापला की पान उजळतं, रानडुक्कर छापलं की पान तपकिरी होतं. शिवाय पक्ष्याचं कातडं पिसांसकट टिकतं, वाळलं तरी ओळख पटते. अस्वलाचं किंवा तरसाचं तसं नाही. कातडं सोलायचं, मीठ चोळायचं, महिनोन्‌महिने जहाजातून आणायचं, आणि ज्यानं तो प्राणी जन्मात पाहिलेला नाही अशा माणसाच्या हाती पेंढा भरायला द्यायचं. त्यातून जे काही उभं राहतं त्याच्यासमोर बसून चित्रकारानं काढलेलं चित्र कसं असणार?

मला नेमकी हीच चित्रं आवडतात. पोपटाच्या प्लेटसमोर, म्हणजे वेगळ्या पानावर छापलेल्या चित्रासमोर, मी ‘वा’ म्हणते आणि पान उलटते. जुन्या लांडग्यापाशी मात्र अडकते. याचे पाय असे का? मान कुणी वळवली? चित्रकारानं हा जिवंत पाहिला, पिंजऱ्यात पाहिला, पेंढा भरलेला पाहिला, की दुसऱ्याच्या चित्रावरून उचलला? उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या मजकुरात सापडतं. म्हणून मी सुट्या प्लेट घेत नाही. पुस्तक घेते. फाटकं चालेल, डागाळलेलं चालेल, पण सगळी पानं हवीत.

या हट्टापायी निवड आपोआप आखूड होते, कारण जुनी प्राण्यांची पुस्तकं फोडून विकण्यातच अनेकांचा फायदा असतो. पुस्तक एकदाच विकलं जातं, प्लेट चौकटीत घालून एकेक करून विकता येते. वाघ, सिंह, हत्ती लगेच जातात. साळिंदर आणि चिचुंद्र्या मागे उरतात. मजकूर बहुधा रद्दीत. फोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडून काही घेत नाही.

माझ्या फडताळात सुरुवातीला आलं ते सगळं आवाक्यातलं होतं. विल्यम जार्डिनची ‘नॅचरलिस्ट्स लायब्ररी’ 1833 ते 1843 या काळात एडिंबरोहून निघाली. एकूण 40 छोटे खंड, त्यात सस्तन प्राण्यांचे बरेच. खिशात मावावीत अशा आकाराची पुस्तकं, मुळातच सामान्य वाचकांसाठी काढलेली, त्यामुळे सुटे खंड अजूनही फिरत असतात. मग टॉमस ब्यूइकचा चतुष्पादांचा इतिहास, पहिली आवृत्ती 1790ची. माझ्याकडे आहे ती नंतरची, पाठीचा कणा गेलेली. ब्यूइक बॉक्सवुडच्या आडव्या कापाच्या ठोकळ्यावर, म्हणजे लाकडाच्या टोकाकडच्या बाजूवर, बारीक सळईनं कोरायचा. असा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसतो आणि चित्र नि मजकूर एकाच दाबात छापून येतात. त्याच्या घरच्या भागातले प्राणी बघावेत. कुत्रा, बैल, कोल्हा, सगळे जिवंत. परदेशी प्राणी आले की हात आखडतो, कारण त्यातले बरेच इतरांच्या पुस्तकांवरून घेतलेले. एकाच पुस्तकात पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला फरक इतका स्वच्छ दिसतो की चित्र पाहून आधी अंदाज करायचा आणि मग मजकूर वाचायचा, हा माझा खेळच झाला आहे.

या ‘इतरांच्या पुस्तकांवरून’चा माग काढत गेलं की अठराव्या शतकातल्या प्राणिचित्रांची निम्मी वाट एकाच दारापाशी येते. ते दार म्हणजे ब्यूफाँ हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक.

ब्यूफाँचा ‘निसर्गेतिहास’ 1749मध्ये पॅरिसच्या राजमुद्रणालयातून निघायला लागला आणि तो 1788 साली वारला तोवर 35 खंड झाले होते. चतुष्पादांची चित्रं जाक द सेव्हची. शरीररचनेचं काम त्याचा सहकारी दोबांतों याचं: प्रत्येक प्राण्याची मापं, आतडी, कवटी, सांगाडा. अख्खा संच घ्यायचा तर घर विकावं लागेल आणि मग तो ठेवायला घर उरणार नाही. पण संच फुटतात. वारसांत वाटले जातात, पाण्यात अर्धे जातात, आणि सुटे खंड पोरके होऊन बाजारात येतात. सुट्या खंडाला प्रतिष्ठा नाही, म्हणून तो माझ्यासारखीच्या हाती लागू शकतो.

मला नववा हवा होता, 1761चा. त्यात सिंह, वाघ आणि ठिपक्यांची मोठी मांजरं आहेत आणि त्यातच ‘ओंस’ या नावानं एक प्राणी आहे, तो म्हणजे आपला हिमबिबट्या. त्या प्राण्याची गोष्ट पुढे सांगते. आधी खंड मिळवण्याची.

शोध सोपा वाटतो, पण ‘ब्यूफाँ, खंड 9’ एवढ्यावर काहीही समोर येतं. त्याच मुद्रणालयाची एक छोट्या आकाराची आवृत्तीही आहे. तिच्यातून दोबांतोंची शरीररचना गाळलेली, त्यामुळे खंडांचे क्रमांकच जुळत नाहीत. हॉलंडमध्ये छापलेली मोठ्या आकाराची आवृत्ती आहे, तिच्यात तिचा संपादक आलामां यानं स्वतःची भर घातलेली. ती वाईट नाही, फक्त वेगळी आहे. आणि एकोणिसाव्या शतकातल्या रंगीत प्लेटांच्या असंख्य आवृत्त्या आहेत, त्यांत चित्रं पुन्हा नव्यानं कोरलेली, कधी उलटी, म्हणजे डावीकडे पाहणारा सिंह उजवीकडे पाहणारा. यावरून एक साधी खूण लक्षात राहते. मूळ मोठ्या आवृत्तीतली चतुष्पादांची चित्रं रंगवलेली नव्हती. कुणी ‘मूळ ब्यूफाँ, हाताने रंगवलेला’ असं म्हणत असेल तर रंग बहुतेक नंतर कुणीतरी चढवलेला, कदाचित गेल्या काही वर्षांतलाही.

एका विक्रेत्याकडे खंड दिसला तेव्हा मी नेहमीचे प्रश्न पाठवले. शीर्षकपानाचा फोटो, साल रोमन अंकांत वाचता येईल इतका जवळून. ओंसच्या प्लेटचा फोटो, चारही समास दिसतील असा. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा फोटो. आणि एखाद्या पानामागे दिवा धरून काढलेला एक. शेवटचा प्रश्न विचारला की विक्रेते दोन गटांत पडतात. जाणकार विनातक्रार फोटो पाठवतात, बाकीचे चिडतात. हा चिडला नाही. वर्णनात मात्र त्यानं ‘बहुधा पूर्ण’ असं लिहिलं होतं. ‘बहुधा’ या शब्दाची किंमत धरूनच मी बोलणी केली आणि पान कमी निघालं तर परत घेण्याची अट लेखी मागून घेतली. ही अट मागायला लाजू नये. जुन्या पुस्तकांचे चांगले व्यापारी ती स्वतःहून देतात.

दिव्याचा फोटो कशासाठी? त्या काळचा कागद तारांच्या साच्यात हातानं काढलेला असतो. उजेडापुढे धरला की जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब लांब रेषा दिसतात, आणि नशीब असेल तर जलचिन्हही. मधलं एखादं पान गहाळ असेल तर लोक त्या जागी प्रतिकृती घालतात. त्या पानात या रेषा नसतात, किंवा असल्या तरी शेजारच्या पानांशी जुळत नाहीत. घरी आल्यावर याहून सोपी चाचणी अतिनील दिव्याची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदात बरेचदा शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात. अंधारात असं पान निळसर पांढरं पेटतं आणि जुना कागद मळकटच राहतो.

खंड आला तो दोन पुठ्ठ्यांमध्ये, भरपूर कागदात गुंडाळून. मी आधी वास घेते. हसू नका, पण बुरशी डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. ओल्या तळघराचा वास आला तर पुस्तक इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी, दिवसचे दिवस. याला तसा वास नव्हता. चामडं मात्र दमलेलं. ठिपकेदार रंगवलेलं वासराचं चामडं, आतून मार्बल कागदाचं अस्तर, पानांच्या कडा लाल. त्या काळातल्या फ्रेंच बांधणीचा अगदी गणवेश. वरचा सांधा फुटला होता पण आतल्या दोऱ्या धरून होत्या. म्हणजे पुठ्ठा हलतो, सुटत नाही.

आता मोजणी. सगळ्यात वेळखाऊ आणि, माझ्या मते, सगळ्यात आनंदाचं काम. फर्म्याच्या, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीच्या, पहिल्या पानाखाली अक्षर छापलेलं असतं, ए, बी, सी अशा क्रमानं. लॅटिन वर्णमालेप्रमाणे त्यात जे, यू, डब्ल्यू नसतात, हे ठाऊक नसेल तर माणूस दचकतो. वर्णमाला संपली की दुहेरी अक्षरं सुरू. बांधणाऱ्यानं फर्मे याच खुणांवरून लावलेले असतात, आपण याच खुणांवरून तपासायचे. पृष्ठक्रमांकांवर फार विसंबू नये, ते जुन्या छापखान्यात हमखास चुकतात. अक्षरं क्वचित. एखादं पान कापून, त्याच्या उरलेल्या पट्टीवर दुसरं चिकटवलेलं दिसलं तर लगेच संशय घेऊ नये. छपाईतली चूक सुधारायला मुद्रक स्वतःच तसं करत. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयावर दुसऱ्या प्रतीचं स्कॅन उघडून शेजारी ठेवावं. दोन्ही प्रतींत तेच पान तसंच असेल तर प्रश्न मिटला. आधीच्या पिढीच्या संग्राहकांना यासाठी ग्रंथालयं पालथी घालावी लागायची, आपण नशीबवान.

प्लेटांवर खंडाचा नि प्लेटचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे त्या मोजायला सोप्या. एक प्लेट भलत्याच प्रकरणात जाऊन बसली होती. बांधणाऱ्याचा गोंधळ, अडीचशे वर्षांपूर्वीचा. मी ती तशीच ठेवली. विक्रेत्याला मात्र कळवलं की तुमचं ‘बहुधा’ आता काढून टाका.

आणि मग ओंस.

भिंग लावून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरतात त्या कातडीवरच्या तुटक रेषा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यानं केस दाखवायला आखूड आखूड फटकारे मारले आहेत, ठिपक्यांत ते एकावर एक येऊन गर्द होतात आणि पोटाकडे विरत जातात. तिरप्या उजेडात शाई कागदाच्या वर किंचित उंचावलेली दिसते. कोरलेल्या खाचेत शाई भरते, ओला कागद दाबला की तो खाचेत शिरून ती उचलून आणतो. चित्राभोवती चौकोनी खोलगट कडा उमटते ती पत्र्याच्या दाबाची. तिच्यावरून बोट फिरवलं की कळते, फोटोत कधीच नीट येत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव, उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं.

आता मजकूर. ब्यूफाँ सांगतो की याचे केस लांब आहेत, शेपूट बिबट्याच्या मानानं फार लांब आहे, रंग फिकट पांढुरका. हिमबिबट्याचं याहून नेमकं वर्णन काय करणार? पण पुढे तोच सांगतो की हा सहज माणसाळतो, याला शिकारीचं शिक्षण देतात आणि पर्शियात याचा तसा वापर करतात. हा तर चित्ता! अंगावरचं वर्णन एका प्राण्याचं, वागणं दुसऱ्याचं. कातडं एका वाटेनं आलं असेल, प्रवाशांच्या हकिकती दुसऱ्या वाटेनं, आणि दोन्ही लेखकाच्या मेजावर एकत्र झाल्या. चित्रात नुसता ठिपक्यांचा लांबशेपट्या प्राणी आहे, त्यावरून यातलं काहीच कळत नाही. सुटी प्लेट भिंतीवर लावणाऱ्याला ही भानगड कधी कळणारही नाही.

इथून पुढची कडी आणखी गंमतीची. सजीवांना लॅटिन शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा शिष्य योहान ख्रिस्टियान श्रेबर यानं 1774पासून जर्मनीत सस्तन प्राण्यांचा रंगीत ग्रंथ काढायला सुरुवात केली. त्यानं जिथून मिळेल तिथून चित्रं घेतली, ब्यूफाँकडून तर मुक्तहस्तानं, आणि प्लेटांवर लॅटिन शास्त्रीय नावं घातली. ब्यूफाँला लिनियसची नावं द्यायची पद्धत मुळीच मान्य नव्हती, त्याच्याच प्राण्यांना ती नावं चिकटली. श्रेबरनं 1775 साली ओंसला ‘फेलिस अन्सिया’ म्हटलं. प्राणी राहतो कुठे, तर बार्बरी, पर्शिया, ईस्ट इंडीज आणि चीन. बार्बरी म्हणजे आफ्रिकेचा उत्तर किनारा. तिथे हिमबिबट्या! ब्यूफाँच्या मजकुरातला घोळ शास्त्रीय नावाच्या पाठीवर बसून पुढे गेला. 1930मध्ये पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानं मूळ ठिकाण म्हणून आल्ताई पर्वत ठरवून टाकला तेव्हा कुठे कागदोपत्री हे जनावर डोंगरावर परतलं. आणि चित्त्याचं शास्त्रीय नाव कुणाचं? श्रेबरचंच, त्याच 1775 सालचं. अजूनही दोन्ही प्राण्यांच्या नावापुढे कंसात श्रेबर आणि 1775 लिहितात.

श्रेबरचा ग्रंथ माझ्याकडे नाही, होण्याची शक्यताही नाही. तो पडद्यावर पाहिला. तो हप्त्याहप्त्यानं निघत गेला, श्रेबरनंतर इतरांनी चालू ठेवला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. कुठला हप्ता कुठल्या साली निघाला यावर प्राण्याला नाव आधी कुणी दिलं ते ठरतं, आणि ते साल बहुधा हप्त्याच्या साध्या कागदी वेष्टनावर असतं. बांधणी करताना पहिल्यांदा काय फेकून देतात? वेष्टन. म्हणून हप्त्यांत निघालेलं कुठलंही पुस्तक घेताना मी पहिल्यांदा शेवटची पानं बघते. एखाद्या शहाण्या बांधणाऱ्यानं वेष्टनं मागे शिवून ठेवली असतील तर चामडं कसंही असो.

रंगाची परीक्षा ब्यूफाँवर शिकता येत नाही, ती मी जार्डिनवर शिकले. त्या छोट्या प्लेटांत मागचा देखावा नुसता छापलेला, रंग फक्त प्राण्याला, तोही हातानं. जुना हातरंग ओळखायच्या काही खुणा डोळ्यात बसतात. ब्रशचा फटका कधी छापील रेषेबाहेर जातो. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंगाची छटा सारखी नसते. समोरच्या पानावर वर्षानुवर्षं टेकून प्राण्याची फिकट सावली उमटलेली असते, नव्यानं रंगवलेल्या प्लेटला ती नसते. आणि तपकिरी डाग रंगाच्या वर आहे की खाली, ते भिंगातून बघावं. डागावरून रंग गेला असेल तर रंग डागानंतरचा, संपलं. डोळ्याचं बुबुळ दिव्याखाली तिरपं धरून बघण्याची मला सवय लागली आहे. चांगल्या कामात गडद भागांवर डिंकाच्या पाण्याचा हात दिलेला असतो. सरळ पाहिलं तर काळा ठिपका, पान कलतं केलं की लखलखतो. रंगवणाऱ्या बहुतेक बायका आणि मुलं असत, त्यांची नावं क्वचितच कुठे नोंदली गेली. चित्रकार, कोरणारा, मुद्रक सगळ्यांची नावं प्लेटखाली आहेत, डोळ्यात जीव आणणारीचं नाही.

पांढऱ्या रंगाकडेही बघावं. शिसे असलेला पांढरा रंग हवेतल्या गंधकानं काळवंडतो, त्यामुळे बॅजरच्या तोंडावरचा पांढरा पट्टा कधी कधी राखाडी झालेला आढळतो. चाणाक्ष रंगारी पांढऱ्यासाठी कागदच मोकळा सोडत.

हिरव्याची गोष्ट वेगळी आणि जरा गंभीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पुस्तकांच्या कापडी पुठ्ठ्यांवर आर्सेनिकयुक्त झळझळीत हिरवा रंग वापरला जायचा. तसला पुठ्ठा हाताळताना मी हातमोजे घालते, नंतर हात धुते, पुस्तक बंद पिशवीत ठेवते. बाकी वेळा मात्र हातमोजे नकोत. जुनी पुस्तकं पांढरे सुती मोजे घालून उलटतात हा सिनेमातला देखावा आहे. मोज्यात बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात पुरेत.

हे मी ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात शिकले. तिथे जाण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देईन, कारण या विषयातली शिखरं तिथेच बघायला मिळतात. पेन बाहेर, पेन्सिल आत. पुस्तक फोमच्या उतारांवर ठेवायचं म्हणजे कण्यावर ताण येत नाही, आणि पान दाबायला मण्यांनी भरलेली कापडी दोरी. तिथे मी गूल्डचे ऑस्ट्रेलियाच्या सस्तन प्राण्यांचे तीन खंड पाहिले, 1845 ते 1863, एकूण 182 शिळाछाप प्लेटा. थायलसिनचं, म्हणजे आता नामशेष झालेल्या टास्मानियन वाघाचं, पान आलं तेव्हा पुढे जाववेना. ही जोडी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत होती, आणि ते दिसतं. 1936 साली होबार्टमध्ये पिंजऱ्यातला शेवटचा गेला. ऑड्युबॉन आणि बाखमनचे अमेरिकेतले चतुष्पादही तिथेच पाहिले, 150 भल्या मोठ्या प्लेटा. त्यातल्या जवळजवळ निम्म्या चित्रांपाशी ऑड्युबॉनचा मुलगा जॉन वुडहाउस बसला होता, हे शीर्षकपान पाहून वाटत नाही. माझं स्पष्ट मत सांगते: मोठ्या आकाराचा दरारा बाजूला ठेवला तर मला ऑड्युबॉनचे प्राणी नाटकी वाटतात. सगळे दात दाखवतात.

त्यापेक्षा जोसेफ वुल्फ. जर्मनीहून 1848 साली लंडनला आला आणि प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्यांसमोर बसून काढत राहिला. एलियटच्या मार्जारकुळावरच्या 1883 साली पुऱ्या झालेल्या ग्रंथात 43 प्लेटा आहेत. चित्रं वुल्फची, दगडावर उतरवली जोसेफ स्मिटनं. त्यातली मांजरं पाहणाऱ्याकडे बघत नाहीत, त्यांचं आपापलं काहीतरी चाललेलं असतं. पाय कसा टेकतो, खांद्याचं हाड कातडीखाली कसं सरकतं, हे ज्यानं तासन्‌तास पाहिलंय त्याचाच हात तसा चालतो. ब्यूफाँच्या ओंसनंतर वुल्फचा हिमबिबट्या पाहावा. मधल्या सव्वाशे वर्षांत काय घडलं ते त्या दोन पानांत आहे: चित्रकाराला जिवंत जनावर समोर मिळू लागलं.

तर, खंडाचं चामडं. दमलेलं म्हणाले ना, हात लावला की बोटांना लालसर भुकटी लागायची. ओळखीच्या एका बांधणीकार काकांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला, पुस्तक हातातही घेतलं नाही.

“तेल-बिल लावलंत का, ताई?”

“नाही अजून. लावू का?”

“अजिबात नको. लोक एरंडेल चोपडतात, मेण घासतात. आतून चामडं मेलेलंय, ते तेल पिऊन काळं पडतं आणि पानांना डाग देतं.”

त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हलक्या ब्रशनं लावलं. भुकटी जागच्या जागी बसते, चामड्याचा रंग थोडा गडद होतो एवढंच. फुटलेल्या सांध्यावर पातळ जपानी कागदाची पट्टी, गव्हाच्या खळीनं. खळ कारण ती पाण्यानं पुन्हा सुटते. शंभर वर्षांनी कुणाला आमचं काम आवडलं नाही तर त्यानं ते काढून टाकावं, हे त्यांचं म्हणणं. नवा कणा चढवू का, असं विचारल्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. ऊन नको, हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर, मोठी पुस्तकं आडवी, कसर लागली आहे का ते अधूनमधून पानं चाळून बघणं. चाळणं महत्त्वाचं, कारण कपाटात बंद पुस्तकाला काय होतंय ते कुणाला दिसतं? आत ठेवलेले वर्तमानपत्राचे कपटे मात्र आधी काढावेत. माझ्या एका जार्डिनमध्ये जुन्या मालकानं कात्रण ठेवलं होतं, त्याचा तपकिरी चौकोन दोन्ही पानांवर कायमचा उमटला आहे, बरोबर कोल्ह्याच्या तोंडावर.

आता अकरावा खंड, 1764चा. त्यात गेंडा आहे. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा 1515चा गेंडा बहुतेकांनी पाहिलेला असतो, चिलखत घातल्यासारखा, खांद्यावर एक जादा शिंग. ड्यूररनं तो प्राणी पाहिलाच नव्हता. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना दिलेला गेंडा लिस्बनला उतरला, तिथून आलेल्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्यानं लाकडी ठसा केला. गेसनर या अभ्यासकानं 1551च्या आपल्या प्राणिग्रंथात तोच घेतला आणि पुढची दोनेकशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत ते जादा शिंग फिरत राहिलं. मग 1741 साली क्लारा नावाची गेंड्याची मादी भारतातून तिकडे गेली, गावोगावी दाखवली गेली, 1749मध्ये पॅरिसला पोचली. तिथे ऊद्री या चित्रकारानं तिला पाहून तैलचित्र काढलं आणि त्यावरून ब्यूफाँची प्लेट झाली. जादा शिंग गेलं, कातडीच्या घड्या घड्यांसारख्या दिसू लागल्या. जिवंत जनावर एकदा समोर उभं राहिलं आणि दोन शतकांची नक्कल थांबली, निदान चांगल्या पुस्तकांत.

एक प्रत नजरेत आहे. वर्णनात प्लेटांचा आकडा दिलेला नाही आणि ‘कडांना किरकोळ पाणी लागलेलं’ असं म्हटलंय. किरकोळ म्हणजे किती, पाणी समासातच थांबलं की गेंड्यापर्यंत गेलं, आणि पानामागे दिवा धरून एक फोटो मिळेल का, असे प्रश्न काल पाठवले आहेत. विक्रेता चिडतो का ते बघायचं.